पिंट्याची तोंडबंदी

एलिझाबेथबाई पारखे कोल्हारातल्या एका दवाखान्यात एकतीस वर्षं आया होत्या. दुसऱ्यांची शेकडो पोरं धुतली-पुसली, स्वतःचं एकही झालं नाही. नवरा सायमन गेल्यावर घरात बोलायला उरला तो पिंट्या.

आठ वर्षांपूर्वी वादळात कडुलिंबाच्या ढोलीतून पडलेलं हे पोपटाचं पिल्लू. पिसंही धड फुटली नव्हती, आणि मोडलेला डावा पंख वाकडाच बसला. भिजवलेली डाळ बोटाने भरवून बाईंनी ते जगवलं. मग रोज सकाळी तेच शब्द वीस-वीस वेळा म्हणायचे. पिंट्याने नुसता घशातून आवाज काढला तरी लगेच हिरव्या मिरचीचा तुकडा. असं करता करता तो दारातल्या प्रत्येकाला म्हणायला लागला, "सलाम, बाई! या, बसा!" तिसऱ्या वर्षी त्याच्या गळ्याला काळा कंठ फुटला, तेव्हा बाईंनी गल्लीत पेढे वाटले.

यंदा एप्रिलात शेजारचे कारभारी पायरीशी येऊन हळूच म्हणाले, "बाई, वनखात्याचा मानूस घरोघर फिरतोय. पोपट पाळायला बंदी हाय. मागल्या आळीतले दोन उचलले. तुमचा तर कोपऱ्यापास्नं हाका मारतो."

"सोडून तरी कसा देऊ? चार हात उडत नाही तो. मांजर टपलेलंच आहे."

"मग तोंड बंद करा त्याचं. तुमीच उघडलंय, लई कौतुकानं!"

बाईंनी पिंजरा पडवीतून आतल्या खोलीत नेला. पिंट्याने "सलाम" म्हटलं की हातातलं काम टाकून धावायचं आणि चोचीत मिरची कोंबायची, म्हणजे तेवढा वेळ तरी तोंड अडकलेलं. तिसऱ्या दिवशी तो पहाट फुटल्यापासून ओरडायला लागला. एक "सलाम" संपतो न संपतो तोच दुसरा.

दुपारी नणंदेची मुलगी प्रार्थना आली. ती दारात उभी राहून बघत होती.

"मामी, हे काय चालवलंयस?"

"गप्प करतेय त्याला."

"गप्प? तो बोलला की तू मिरची देतेस. असंच शिकवलंस ना त्याला बोलायला?"

बाईंनी हातातली मिरची बघितली आणि परत टोपलीत टाकली. मग त्यांनी मिरच्यांची टोपलीच लपवली. तो बोलला की पाठ फिरवायची. पिंट्याला काही कळेना. तो गजांवर चोच आपटायला लागला, किंचाळायला लागला. शेवटी बाईंनी पिंजऱ्यात हात घातला आणि दोन बोटांत त्याची चोच दाबून धरली. तो चावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी भर बारा वाजता वनखात्याचा माणूस दोन घरं पलीकडे दिसला. बाईंनी पिंजऱ्याला गोधडी गुंडाळली, तो लोखंडी खाटेखाली ढकलला आणि पुढे कळशी-पातेली लावली.

"मावशी, घरात पोपट आहे का?"

"नाही बाबा."

"थोडं पाणी देता? लई ऊन हाय." तो पायरीवर बसला, वही काढून लिहायला लागला.

आतून काही आवाज येईना. चार दिवस बाईंनी हीच शांतता मागितली होती, गुडघे टेकून मागितली होती. वरचे पत्रे तापून कडकड वाजत होते. बाईंनी तांब्या त्याच्या हातात दिला. अजून आवाज नाही. फडफडही नाही.

"पिंट्या?" बाईंच्या तोंडून गेलं. माणसाने मान वर केली. "पिंट्या, सलाम म्हण की रे! अरे, सलाम म्हण!"

बाई आत धावल्या. पातेली घरभर लोळली. गोधडी ओढली तर पिंट्या पिंजऱ्याच्या तळाशी, पंख पसरून, चोच उघडी. तो माणूस मागोमाग आला, गुडघ्यावर बसला आणि तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवून त्याने थेंब चोचीत सोडले. एक, दोन. तिसऱ्याला पिंट्याने जीभ हलवली.

"जगेल," तो म्हणाला. तांब्या खाली ठेवून म्हणाला, "पण मला न्यावा लागेल, मावशी."

"न्या," बाई म्हणाल्या. "माझ्यापाशी तो मेलाच असता. फक्त ऊन उतरू द्या."

माणसाने घड्याळ बघितलं, वही मिटली आणि तो परत पायरीवर जाऊन बसला. बाई पदराने पिंजऱ्याला वारा घालत बसल्या. ऊन उतरायला अजून चार तास होते.