डावखुऱ्याचं कोपर

फ्रीझरमधलं वाटाण्याचं पाकीट रोज वेगळ्या कप्प्यात सापडायला लागलं तेव्हा मी आधी नवऱ्यावर संशय घेतला. पण तो बिचारा वाटाण्याला शिवतही नाही. पाकीट वितळून पुन्हा गोठलेलं असायचं, वाटाण्यांचं एकच ढेकूळ. म्हणजे तळघरातल्या दोघांपैकी कोणीतरी ते अंगाला लावून झोपत होतं.

आयोवातल्या आमच्या गावाला बेसबॉलचा संघ आहे, पण अगदी खालच्या लीगचा. या पोरांना त्या काळी असा पगार होता की भाडं भरलं तर खायचं काय, आणि खाल्लं तर भाडं कशाने भरायचं. म्हणून गावातली घरं त्यांना फुकट ठेवून घेतात. त्या उन्हाळ्यात आमच्या तळघरात कोल्बी स्ट्रँड होता, ओक्लाहोमाचा डावखुरा पिचर, आणि त्याने फेकलेले चेंडू झेलणारा कॅचर एलाडिओ, डॉमिनिकन रिपब्लिकचा. एलाडिओची जीभ टाळ्याला लागत नसे; मला तो त्यांच्या स्पॅनिशमधलं 'डोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हणायचा. कोल्बी मात्र इतका सभ्य की कधीकधी चीड यायची. वाक्यागणिक 'मिस डार्लीन'. मी शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढला, तिथे माझ्याशी एवढ्या आदराने कोणी बोललेलं नाही.

पगार फक्त सामन्यांच्या महिन्यांत. हिवाळ्यात नाही, मार्चच्या सरावाला नाही. जो मिळायचा त्यातून कपडे धुणाऱ्याचे आणि मैदानावरच्या सँडविचचे पैसे जायचे, बूट-ग्लोव्ह स्वतःचे. करार करताना कोल्बीला हजार डॉलर मिळाले होते, ते गाडीच्या गिअरबॉक्सने गिळले. त्याच संघात एक पोरगा वीस लाख घेऊन आला होता. तो सामन्यामागून सामना घालवायचा आणि प्रशिक्षक त्याच्या खांद्यावर हात टाकून समजूत काढायचे. बरोबरच आहे, वीस लाख कचऱ्यात कोण टाकतं? हजार डॉलर टाकायला कोणाचं काय जातंय? हा हिशेब कोल्बीला शिकवावा लागला नव्हता. घरी त्याची बायको मार्सी दातांच्या दवाखान्यात फोन उचलायचं काम करून दोघांचं भागवत होती, आणि ऑक्टोबरमध्ये बाळ येणार होतं.

जुलैत एकदा जेवताना तो सूप उजव्या हाताने पिताना दिसला. निम्मं शर्टावर.

"उजव्या हाताने कधीपासून?" मी विचारलं.

"सवय करतोय, मिस डार्लीन."

"का, राणीसाहेबांकडून जेवायचं बोलावणं आलंय?"

एलाडिओ हसला नाही. टेबलावर मला एक शब्द मध्ये घालू न देणारा हा पोरगा पावाचे तुकडे करत बसला. मग मला वाटाण्याचं कोडं सुटलं.

दुसऱ्या दिवशी मी एलाडिओला अंगणात गाठलं. "त्याचं कोपर ना?"

"मला नका विचारू, डोन्या डार्लीन. कॅचर आपल्या पिचरच्या हाताबद्दल बाहेर बोलत नाही."

"मी बाहेरची?"

"तुम्ही? तुम्ही तर रविवारी सगळ्या चर्चला सांगाल."

खोटं कशाला बोलू, सांगितलंच असतं. मग मी कोल्बीला धरलं.

"संघाच्या फिजिओला जाऊन सांग."

"सांगितलं की बाकावर बसवतील. बाकावरच्या हजार डॉलरवाल्याचं नाव कोणाच्या लक्षात राहतं, मिस डार्लीन? एकदा का सीझन पार पडला की विश्रांतीच आहे."

"आणि तोवर हात राहिला नाही तर?"

"अहो, दुखतच नाहीये."

मी त्याला गाढव म्हटलं. आणखीही बरंच म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि शेवटी थँक यू म्हणाला. काय करावं अशा पोराला? बाजारातून येताना मी वाटाण्याचं दुसरं पाकीट आणलं.

ऑगस्टमध्ये त्याचे चेंडू इतके संथ जायला लागले की माझ्यासारखीलाही कळावं. मॅनेजरने त्याला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. त्या संघात दार लागलं की एकच अर्थ असतो. दुपारी कोल्बी स्वयंपाकघरात येऊन बसला. "काढलं," म्हणाला.

"आणि कोपर? आता तरी सांगितलंस?"

"नाही. जाताना फिजिओ तपासतो. सगळं ठणठणीत आहे म्हणून मी कागदावर सही करून दिली. एखादा दुसरा संघ बोलावेल. दुखऱ्या हाताचा डावखुरा कोणाला हवाय?"

माझं डोकं फिरलं. मी त्याला तसाच उठवून गाडीत घातलं आणि मैदानावर नेलं. फिजिओ मागच्या दारात बर्फाच्या पेट्या उतरवत होता. भला माणूस. मी तिथेच त्याला सगळं सांगितलं, कोल्बीच्या देखत. ऐकून तो पेटीवर बसला.

"मॅडम, जखमी खेळाडूला आम्हाला काढताच येत नाही. शस्त्रक्रिया संघाच्या खर्चाने, बरा होईपर्यंत पगार चालू. मी त्याला दोनदा विचारलं. सावकाश विचारलं. शेजारी मॅनेजर उभा होता, याहून जास्त मी काय करणार?"

"मग फाडा तो कागद."

"तो वर मुख्य कचेरीला पाठवला. आणि तिथे आता कोण मानणार? म्हणतील, घरी गेल्यावर दुखावला असेल."

कोल्बीने शस्त्रक्रियेला किती लागतात ते विचारलं. फिजिओने आकडा सांगितला.

"एवढे मी खेळून आजवर मिळवलेलेही नाहीत," कोल्बी म्हणाला आणि हसला. ते हसू मला पाहवलं नाही.

संध्याकाळी एलाडिओला कळलं तेव्हा त्याने तळघराच्या भिंतीवर लाथ मारली. "अरे, मला वाटलं हा नियम तुला माहीत आहे! आमच्याकडची पोरं टिकायला खोटं दुखणं सांगतात, आणि तू खरं लपवलंस?" मग तो कोल्बीच्या गळ्यात पडून रडायला लागला, आणि कोल्बीच उजव्या हाताने त्याची पाठ थोपटत राहिला.

सकाळी सामान गाडीत टाकून झाल्यावर त्याचा फोन वाजला. त्याच्या गावाकडच्या गोदामाचा माणूस होता. खोकी चढवा-उतरवायची जागा होती, सोमवारपासून, बाळंतपणाचा विमा धरून. मी दारात उभी होते. खोकी म्हटल्यावर माझं तोंड उघडलं. मला गप्प करायला त्याने डावा हात वर केला, तो अर्ध्यावर येऊन अडकला, आणि तसाच तो फोनवर बोलत राहिला.

"पन्नास पौंड उचलायला? हो सर, सहज. नाही सर, कुठेच काही दुखत नाही."