कुसुमताईंनी वाचायला आणलेली कादंबरी

पंचवटीतल्या कुसुमताईंनी जन्मात कुणाला ठाम नकार दिला नव्हता, त्यामुळे तो कसा देतात हेच त्यांना ठाऊक नव्हतं. न्हाणीघरात दोनदा पडल्यापासून मुलानं, गौरांगनं, त्यांना पुण्याला न्यायचं पक्कं केलं होतं आणि रविवारी तो येणार होता. म्हणून वाचनालयात काम करणाऱ्या मुलीनं, कुंदननं, घर सोडायला नकार देणाऱ्या बाईची कादंबरी पुढे करताच ताईंनी ती उचलली. म्हटलं, बघू तरी ही कसं जमवते.

जमवतेय कसलं! बाई तीनशे पानं झोपाळ्यावर बसून आठवणी काढते. धुणं नाही, भांडी नाही, पाणी भरायची कटकट नाही. मुलगा एक नंबरचा नालायक. शेवटी बाई त्याच्या तोंडावर दार आपटते, की झाली कादंबरी. ताईंचा अगदी हिरमोड झाला.

ताईंना घर सोडायचं नव्हतं, त्याचं कारण साधं होतं. त्यांचे यजमान नाना रामकुंडावर श्राद्धं चालवायचे. ते गेले, तरी गावोगावची जुनी कुटुंबं न कळवता थेट दारात येत. ताई त्यांना आंघोळीला गरम पाणी देत, शेजारच्या गुरुजींकडे पोचवत आणि विधी उरकला की पोटभर जेवू घालत. नाना गेल्यावर घरात माणसांचा आवाज उरला होता तो एवढाच.

रविवारी गौरांग आला. चहाच्या आधी त्यानं आईच्या गुडघ्यांना तेल लावलं. ताईंनी सगळं बळ एकवटून विचारलं, "लांबून माणसं आली आणि दाराला कुलूप दिसलं तर?"

तो चिडला नाही. पिशवीतून त्यानं पाटी काढली. वर नानांचं नाव, खाली गुरुजींचा पत्ता आणि त्याचा स्वतःचा नंबर. स्टुलावर चढून त्यानं ती दारावर नीट ठोकली.

"नानांचं कुणी उपाशी परत जाणार नाही, आई. गुरुजींकडे जेवणाचंही सांगून ठेवलंय."

बोलताना त्याचे डोळे भरून आले. आता दार आपटायचं तर कुणाच्या तोंडावर? ताई साड्यांच्या घड्या घालायला लागल्या.

जाताना पुस्तक परत करायला रिक्षा वाचनालयापाशी थांबवली. गौरांगनं हात देऊन त्यांना जपून उतरवलं. कादंबरी कशी वाटली, असं कुंदननं विचारलं.

ताईंनी मागे वळून रिक्षापाशी उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं आणि त्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, "त्या बाईचं बरं होतं गं. तिचा मुलगा वाईट होता."