ढिला ठेवलेला बोल्ट

ती घटना आठवली की आजही आधी राग येतो, आणि तो राग चोरावर नसतो.

पोलीस खात्यात येण्याआधी, कॉलेजात असताना, आम्ही पत्रकं काढायचो. खळ लावून एसटी स्टँडच्या भिंतीवर चिकटवायचो. जे आहे ते सरळ लिहायचं, ही सवय तेव्हाची. वर्दी चढवली आणि ती सवय दाबावी लागली. आता निवृत्त झालोय. दाबणार नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी हिंगोलीत उपनिरीक्षक होतो. शहरातल्या एका मोठ्या कापड दुकानातून साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, भरदिवसा, भारी साड्यांचे गठ्ठे गेले. पुढचं शटर जसंच्या तसं. माल गेला होता मागच्या दारानं, आणि त्या दाराला नव्या तऱ्हेचं कुलूप होतं.

हे कुलूप आधी समजून घ्या, नाहीतर आमचा मूर्खपणा कळायचा नाही. दाराच्या चौकटीला वर विजेचं चुंबक असतं आणि दाराला बोल्टनं बसवलेली एक जाड लोखंडी पट्टी. वीज चालू असली की पट्टी चुंबकाला घट्ट चिकटते. वीज गेली तरी बॅटरीवर सगळं चालू राहतं. आतून बाहेर जायचं तर दारावरची आडवी दांडी ढकलायची. लगेच भोंगा सुरू होतो, पण दार पंधरा सेकंदांनी उघडतं. चोर पळत असेल तर तेवढ्यात लोक जमतात, आणि आग लागली असेल तर पंधरा सेकंदांत माणूस बाहेर पडतो. दार जबरदस्तीनं उघडलं तरी भोंगा वाजतोच. भोंगा आणि चुंबक दोन्ही बंद करायची किल्ली एकच, आणि ती मालकाच्या मेहुण्याकडे. दुकान तोच सांभाळायचा.

कुलूप बसवणारा पंचवीस वर्षांचा तरुण होता. आयटीआय झालेला, मूळचा सेनगावकडचा, हिंगोलीत खोली घेऊन राहणारा. मालक त्याच्यावर आधीच खार खाऊन होता. मालकाला पंधरा सेकंदांऐवजी दोन मिनिटं हवी होती, म्हणजे कामावरच्या मुली मधल्या सुट्टीत मागून सटकणार नाहीत. हा म्हणाला, "शेठ, आत वीस पोरी असतात, चहूकडं कापड. आग लागली तर दोन मिनिटांत कोळसा होईल. मी न्हाई करणार." मालकानं आम्हाला हे सांगितलं ते त्याच्या उद्धटपणाचा पुरावा म्हणून! शेवटी आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, कोणत्या वस्तीतला आहे ते तुम्हाला माहीतच आहे." हे वाक्य फिर्यादीत नाही. पण तपासात सगळ्यात जास्त काम त्याच वाक्यानं केलं.

पंचनामा चालू असताना मेहुण्यानं मला बाजूला घेतलं. "साहेब, माझं नाव कुठं येऊ देऊ नका. पण ती वरची पट्टी हलवून बघा. बोल्ट ढिला सोडलाय त्यानं."

मी स्टुलावर चढलो. बोटानं पट्टी हलवली. हलली. खाली उतरून स्वतःच्या हातानं लिहिलं, 'पट्टीचा बोल्ट मुद्दाम ढिला सोडल्याचे दिसून येते.'

संध्याकाळी तो कोठडीत होता. त्याच्या खोलीतून हत्यारांची पिशवी आणि कुलपाचा रिकामा खोका जप्त करून, लाखेचं सील मारून, आम्ही मुद्देमालाच्या खोलीत ठेवला. दुसऱ्या दिवशी कोर्टानं दोन दिवसांची पोलीस कोठडी दिली.

त्याला मारलं. लिहायला लाज वाटते म्हणून गाळणार नाही. आमचे हवालदार, वीस वर्षं नोकरी झालेले, त्याला विचारत होते, "बोल्ट ढिला काहून सोडला? कोणासाठी सोडला?" आणि त्याचं एकच उत्तर, "साहेब, ते ढिलंच ठेवावं लागतं. खोक्यात कागद आहे, वाचा."

"ढिलं ठेवावं लागतं म्हणे!" हवालदार माझ्याकडे बघून हसले. "माझा बाप सुतार होता साहेब. ढिलं काम करणाराला तो पुन्हा दारात उभा करत नव्हता."

मीही हसलो.

त्याच वेळी माझ्या टेबलावर एक अर्ज पडून होता. त्या तरुणाची वीज खात्यात निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा कागद आमच्याच ठाण्याला आला होता. गुन्हा नोंद आहे, एवढं एक वाक्य मी त्यावर लिहिलं असतं की त्याची नोकरी संपली.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई आली. सेनगावहून जीपनं, मांडीवर भाकरीचं फडकं घेऊन. ठाणे अंमलदारानं तिला आवारात बसवून ठेवलं होतं. मी जीपमधून उतरलो तशी उठली. पाया पडली नाही, रडलीही नाही.

"साहेब, माझं लेकरू काय म्हणून राहिलं तुमाला?"

"काही नाही. कागद वाचा म्हणतो."

"मंग वाचला का?"

मी ठाण्याच्या पायरीकडे वळलो.

"तीन दिस झाले. कागद वाचा म्हणतंय तं वाचायचा ना. मी अडाणी, मला न्हाई वाचता येत. तुमाला बी येत न्हाई का?"

शिपाई खाली बघायला लागले. वरिष्ठांनी झापलेलं मी आयुष्यात पुष्कळ ऐकलंय, पण असं लागलं नाही कधी.

कोर्टाची परवानगी घेतली, दोन पंच बोलावले आणि माझ्याच सहीचं सील फोडलं. खोक्याच्या तळाशी चौघडी केलेला इंग्रजी कागद होता. इंग्रजी राहू द्या, चित्र होतं! पट्टी, बोल्ट, मध्ये रबरी वायसर, आणि पट्टी हलती दाखवणारे दोन बाण. खाली ठळक अक्षरात लिहिलेलं, बोल्ट पूर्ण आवळू नये. दार थोडंफार तिरकं बसतंच. पट्टी हलती असली तरच ती चुंबकावर सपाट बसते. आवळली तर एका कडेनंच टेकते आणि पकड जाते.

म्हणजे ज्या गोष्टीसाठी त्याला मारलं, ती त्यानं बरोबर केलेली होती. आणि त्याच्या निर्दोषपणाचा कागद तीन दिवस आमच्याच कुलपात, आमच्याच लाखेखाली होता.

पंच आणि माणसं घेऊन दुकानात गेलो. बोल्ट होता तसाच ढिला. दोन धिप्पाड शिपायांना आतून दाराला खांदा लावायला सांगितलं. भोंगा बोंबलायला लागला, अर्धी गल्ली जमली, दोघांच्या मानेच्या शिरा फुगल्या, दार हलेना. पंधरावा सेकंद झाला, वर टक् असा आवाज आला, आणि दोघंही गल्लीत चहावाल्याच्या पायाशी जाऊन पडले.

"या पाव्हणं," चहावाला म्हणाला. "सुट्टीच्या दिशी मी हितंच होतो बरं. तवा काही हे बोंबललं न्हाई."

पंचांसमोर ते लिहून घेतलं. मग हवालदारांना म्हटलं, आता आवळा. त्यांनी स्टुलावर चढून, दात-ओठ खाऊन बोल्ट आवळला. "आता झालं पक्कं!" त्याच शिपायांपैकी एकानं एक धक्का दिला. भोंगा वाजायला लागला तोवर दार उघडलंसुद्धा.

हवालदार स्टुलावरच उभे राहिले. पाना हातात तसाच.

आता प्रश्न सरळ होता. भोंगा वाजला नाही, म्हणजे किल्लीनं भोंगा आणि चुंबक बंद करून दार उघडलं. मेहुण्याला ठाण्यात बसवलं. हात लावला नाही, तेवढं शहाणपण आलं होतं. फक्त विचारलं, "सात फुटांवरची पट्टी हलते, हे तुम्हाला कसं कळलं? आम्ही चढायच्या आधी तुम्ही तिथं कशाला चढला होता?"

चहा अर्धा पिऊन झाला आणि तो बोलायला लागला. किल्ली फिरवून माल काढला होता. मग आळ कोणावर टाकावा म्हणून दार न्याहाळलं, पट्टी हलताना दिसली आणि त्याला वाटलं, सापडलं. माल वारंगा फाट्यावरच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामातून निघाला.

मेहुण्यासाठी मालक रडला. दोन दिवस मार खाल्लेल्या माणसाबद्दल एक शब्द नाही!

निरीक्षक साहेब मला म्हणाले, "कलम एकशे एकोणसत्तरचा अहवाल कर. पुरेसा पुरावा मिळून आला नाही, असं लिही आणि सोडून दे." रिवाजाची भाषा. मी लिहायला बसलो. तो समोर उभा होता, डावा कान सुजलेला.

"साहेब, पुरावा मिळाला न्हाई असं नका लिहू."

"का? सुटतोयस ना?"

"मिळाला न्हाई म्हंजे, होता पण सापडला न्हाई. जल्मभर तेच ऐकावं लागंल मला. मी केलेलं काम बराबर होतं. तेवढं लिहा."

लिहिलं. 'बोल्ट ढिला ठेवणे हीच योग्य पद्धत असून सदर इसमाचे काम बरोबर होते.' निरीक्षक साहेब भडकले, म्हणाले आपलाच पंचनामा खोटा ठरवतोस? म्हटलं, खोटाच आहे. पडताळणीच्या कागदावर 'प्रतिकूल काही नाही' लिहून तो त्याच दिवशी रवाना केला. ती नोकरी त्याला मिळाली.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? पंचनामा म्हणजे डोळ्यांना दिसतं ते. बोल्ट ढिला होता, हे दिसत होतं. 'मुद्दाम' कुठं दिसत होतं? ते मालकाच्या त्या दबक्या वाक्यातून आलं, माझ्या मनात आधीच असलेल्या घाणीतून आलं आणि सरकारी कागदावर उतरलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत तो शब्द माझ्या एकाही पंचनाम्यात आला नाही. हाताखालच्या पोरांना तो खोडायला लावला तेव्हा त्यांना मी विक्षिप्त वाटलो. वाटू द्या.

सुटल्यावर तो लगेच गेला नाही. दारात थांबून म्हणाला, "साहेब, तुमी तो बोल्ट टाइट करून तसाच ठेवलाय."

"मग?"

"उद्या कोणी धक्क्यानं उघडलं तं पुन्हा मलाच उचलून आणाल."

हवालदार उठले, टोपी घातली, पाना खिशात घातला आणि त्याच्या मागं चालू लागले. मीही गेलो. भर बाजारातून तिघं त्या दुकानात शिरलो. त्यानं स्टूल आणून ठेवलं, पण चढला नाही. हवालदारांकडे बघत उभा राहिला. ते चढले.

"ढिला करा," तो खालून म्हणाला. "अजून. अजून थोडा. हां. आता बोटानं हलवून बघा."

वीस वर्षं नोकरी झालेल्या हवालदारांनी बोटानं पट्टी हलवली.

"हलते," ते म्हणाले.

"बराबर," तो म्हणाला आणि आईकडे निघून गेला.