चुरी बाईंचा कायद्याचा तास

पहिल्याच दिवशी चुरी बाईंनी माझी डब्याची पिशवी उचलली, स्वतःच्या कपाटात ठेवली आणि कुलूप घातलं. मी नवीन होतो. तलासरीकडच्या शाळांत अशीच पद्धत असेल, असं समजून गप्प बसलो. मधली सुट्टी संपत आली तेव्हा त्यांनी पिशवी परत दिली. म्हणाल्या, "विचारलं नाहीत. बी.एड. झालंय ना तुमचं? वाटलंच."

हाच प्रयोग बाई वर्गावरही करत. शिकवता शिकवता कुणाचं तरी दप्तर उचलून टेबलावर ठेवायचं आणि वाट बघायची. नववीत नवी आलेली मुलं कित्येक आठवडे नुसती बघत राहत. बाईंनी घेतलं म्हणजे घेतलं. मग एखाद्या शनिवारी मागच्या बाकावरून बारीक आवाज येई, "का घेतलं, बाई?" बाई खडू खाली ठेवत. "शाब्बास. आजपासून तू नागरिक. बाकीचे अजून लोकसंख्या."

कायदा हा आमच्याकडे काही वेगळा विषय नव्हता. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात मूलभूत हक्कांना जेवढी पानं दिली होती, तेवढी वाचायला बाईंना एक तास पुरे. म्हणून त्यांनी शनिवारचा शेवटचा तास स्वतःच मागून घेतला आणि नववी-दहावीला एकत्र बसवून मानवी हक्क शिकवायला लागल्या. अटक म्हणजे काय, कारण सांगावंच लागतं का, वकील कधी मागायचा, चोवीस तासांत कुणापुढे उभं करावं लागतं. त्या वर्गाच्या आणि आठवीच्या मध्ये पत्र्याचं पार्टिशन होतं. पलीकडे मी मराठी शिकवत असे, त्यामुळे माझ्या मुलांना अलंकारांपेक्षा घटनेतलं अटकेविषयीचं बाविसावं कलम जास्त पाठ होतं.

बाई डहाणूच्या किनाऱ्याकडच्या, घरची चिकूची वाडी. आशागडमार्गे दोन जीपा बदलून यायच्या. समारंभांचं त्यांना वावडं होतं. एका मानवी हक्क दिनाला पाहुण्यांनी मुलांना उन्हात उभं ठेवून हक्कांबरोबर कर्तव्यंही येतात, हे इतकं समजावलं की पुढच्या रांगेतली एक मुलगी चक्कर येऊन पडली. बाई उठल्या आणि सगळ्यांना म्हणाल्या, "बसा रे." मुख्याध्यापक डोळे वटारत होते. "सर, सन्मान उभ्यानंच करायचा असं कुठल्या कलमात आहे?" गेल्या वर्षी बाई वारल्या. शोकसभेत त्याच पाहुण्यांनी त्यांच्या शिस्तप्रियतेवर भाषण केलं. आम्ही उभ्यानं ऐकलं.

एका गोष्टीवर मात्र बाई मुलांवर खरोखर चिडत. इथल्या पाड्यांवरची रीत अशी, की कुणाला दवाखान्यात, कचेरीत, कुठंही बोलावणं आलं तर माणूस एकटा जात नाही. मामा, काका, शेजारी, सगळे निघतात. आत कुणी जात नाही. बाहेर झाडाखाली बसतात, तंबाखू मळतात, आणि आपला माणूस बाहेर आला की उठून चालू लागतात. बाईंना हे मेंढरांसारखं वाटे. शाळेतही एका मुलाला बोलावलं की चार जण यायचे. "मी तुझ्या गावाला बोलावलं का? हक्क एकट्याचा असतो. एकट्यानं उभं राहायला शिका."

रमण त्यांचा लाडका विद्यार्थी. दप्तर उचलल्यावर पहिल्याच दिवशी "का" विचारणारा तोच एक. दहावी झाला, पुढं शिकला नाही, हायवेवरच्या एका ढाब्यावर कामाला लागला. तिथं उभ्या ट्रकमधलं डिझेल चोरीला गेलं आणि कामावरच्या तिघांना चौकीवर बोलावणं आलं. कुठल्या चौकीवर, ते लिहीत नाही. दोघांबरोबर त्यांचे पाडे गेले आणि बाहेर बसून राहिले. ते दोघे दुपारीच सुटले. रमणची आई चार माणसं गोळा करून निघालीच होती. त्यानं सगळ्यांना परत फिरवलं. "बाईंनी शिकवलंय. मी बोलून येतो ना."

तो बोलला. अटकेचं कारण विचारलं, वकील मागितला, कलमाचा आकडाही सांगितला. दुसऱ्या दिवशी तो रस्त्याच्या कडेला सापडला. डाव्या कानानं त्याला परत कधी ऐकू आलं नाही. अटकेची नोंद कुठंच नव्हती.

बाई दवाखान्यात गेल्या तेव्हा मी बरोबर होतो. रमणची आई खाली फरशीवर बसली होती. "माझ्या पोऱ्याला बोलायला शिकवलं तुम्ही, बाई. गप राहायचं पण शिकवायचं होतं ना."

यानंतर बाईंनी डहाणूला वकील गाठला. तक्रार उभी राहू शकत होती, फक्त रमणनं जबाब द्यायला हवा होता. कितीतरी रविवार त्या पाड्यावर जाऊन त्याच्या उजव्या बाजूला बसल्या. शेवटी तो म्हणाला, "बाई, मी पडलो असं लिहा."

"तू पडलास का?"

"नाय."

"मग?"

"आई एकटी गवताला जाते. बहीण त्याच रस्त्यानं शाळेत येते." मग म्हणाला, "तक्रार माझी आहे ना? मग नाय करायची, ते पण मीच सांगणार."

परतताना जीपमध्ये मी बरोबर होतो. आशागड आल्यावर बाई म्हणाल्या, "त्याचं बरोबर आहे हो. कायद्यात बसतंय." रमण अच्छाडला ट्रक धुवायच्या कामाला लागला. काही विचारलं की मान हलवायचा.

मुख्याध्यापकांनी प्रेमळपणे सुचवलं, की अटकेचा धडा आता गाळावा, शनिवारी हस्तकला घ्यावी. त्या शनिवारी बाई वर्गावर जातील की नाही, हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या गेल्या. पत्र्यापलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. बाविसाव्या कलमाला त्यांनी हात घातला नाही. रमणचं काय झालं, ते सरळ सांगितलं. म्हणाल्या, "त्याच्या आईनं माणसं जमवली होती. मी शिकवलं म्हणून त्यानं ती परत पाठवली. ती बाहेर बसली असती तर कदाचित त्याचा कान वाचला असता. तुमच्या माणसांना मी मेंढरं म्हणाले. चुकले."

मग दहावीतली एक मुलगी, गंजाडहून येणारी, उठली असावी. बाक सरकल्याचा आवाज आला.

"बाई, विचारलं तर मारतात. मग हे शिकवता कशाला?"

बाईंनी खडू खाली ठेवल्याचा आवाज आला.

"रमणला मारलं," त्या म्हणाल्या, "आणि त्याच्या आईला वाटतं चूक रमणची झाली. पाड्यावर सगळ्यांना तसंच वाटतं. आता रमणलाही वाटायला लागलंय." "उद्या तुमच्यातल्या कुणाला मारलं, तर मी ते थांबवू शकणार नाही. पण चूक मारणाऱ्याची होती, एवढं तरी तुम्हाला माहीत असावं. म्हणून शिकवते."

पत्र्याच्या अलीकडे माझा वर्गही कान देऊन बसला होता. तास संपायला अजून वेळ होता. दोन्ही वर्गांत कुणीच काही शिकवत नव्हतं.