अहिराची रोजची फेरी

आता मला विचारू नका गड्यांनो, 'हल्ली नदीवर दिसत नाही?' म्हणून. दिसणार कुठून! तोंड दाखवायला जागा ठेवलीय का मी? चहा सांगा आधी. कंबर धरलीय, बसूनच सांगतो.

आमच्या गावाखाली कृष्णेवर एक बुटकं धरण आहे आणि त्याच्या कडेला छोटंसं वीजघर. पावसाळ्यात मासे अंडी घालायला नदीतून वर वर चढतात आणि ह्या भिंतीला थडकून तिथंच घुटमळत राहतात. हे मला सांगितलं सांगलीच्या कॉलेजातल्या मॅडमनी. माशांचा अभ्यास करतात त्या. त्यांचं म्हणणं, भिंतीच्या कडेनं पायऱ्यापायऱ्यांची पाणवाट काढा, मासे आपले आपण चढतील. वीजघराचे इंजिनिअर म्हणायचे, "मॅडम, तिथनं पाणी सोडायचं म्हंजे तेवढी वीज सोडायची. आधी मासे येत्यात तरी का, ते दावा."

तोवर काय? तोवर बादलीत घालून वर न्यायचे!

पहिल्या दिवशी गावातली लय मंडळी आली. फोटोपुरती. मग कुणाच्या उसाची भरणी निघाली, कुणाच्या मेव्हण्याचा साखरपुडा. उरला कोण? मी! फौजेतून रिटायर झालेला माणूस, 'नाही' म्हणायची सवयच नाही हो. आणि घरात बायको, सिंधू. "कट्ट्यावर बसन्यापरास बरं हाय, जावा," म्हणून तिनंच बादली हातात दिली.

झालं. रोज सकाळी जाळी घेऊन धरणाखाली उतरायचं, भिंतीच्या बुडाशी साचलेल्या पाण्यातले मासे धरायचे आणि ती निसरडी चढण चढून वर सोडायचे. हात गुडघ्याला टेकायला लागले माझे! कंटाळा आला म्हणू, तर ऐकणार कोण? मासे?

आणि एके दिवशी जाळीत आला अहिर. सापासारखा लांब, दंडाएवढा जाड, बुळबुळीत मासा. तोंड बादलीबाहेर, शेपूट बादलीबाहेर, मधला तेवढा आत. त्यानं माझं मनगट असं पिरगाळलं की दोन दिवस भाकरी डाव्या हातानं खाल्ली. पण फोटो काढला, वर नेऊन सोडला आणि फोटो मॅडमना पाठवला. लगेच फोन!

"मामा, अहिर? अहो, आता फार क्वचित दिसतो हा!"

दुसऱ्या दिवशी बघतो तर अजून एक अहिर! तिसऱ्या दिवशी अजून एक! रांगच लागली म्हणा की. सगळ्यांच्या गालफडापाशी पहिल्यासारखाच पांढरा डाग. मी म्हटलं, खानदानी खूण असेल. एकेका घरात सगळ्यांची नाकं सारखी नसतात का? हसू नका, तुमच्याच घरात आहेत.

"आज परत आला व्हय?" सिंधू विचारायची.

"परत न्हाई, दुसरा आला. त्याचा भाऊ असंल."

"किती भाऊ हाईत त्याला?"

"तुला काय कमी हाईत?"

त्या दिवशी चहा मिळाला नाही.

एक बरं होतं. हे अहिर दिवसेंदिवस गरीब होत चालले होते. झटापट नाही, काही नाही, गपगुमान बादलीत उतरायचे. मी म्हटलं, माझा लळा लागला.

इकडे चौकात माझा फ्लेक्स लागला, 'मत्स्यरक्षक' म्हणून! मॅडम म्हणाल्या, रोज एवढे मासे म्हणजे पुरावाच झाला, इंजिनिअरसाहेबांना घेऊनच येते. आल्या. सिंधूही ठेवणीतलं लुगडं नेसून आली. सगळ्यांसमोर मी जाळी ओढली. आत अहिर! टाळ्या!

मॅडम खाली वाकल्या. त्यांनी हात ओला करून अहिराला हळूच उचललं, डाग बघितला आणि माझ्याकडं वळल्या.

"मामा, मोबाइलमधले फोटो दाखवा बरं."

दाखवले. एक फोटो, दुसरा, तिसरा.

"मामा, हे सगळे एकच आहेत. आणि हा नाही, ही आहे. मादी. पोट बघा कसं चंदेरी झालंय. बाकीचे मासे अंडी घालायला वर चढतात, अहिराचं उलटं. जन्म समुद्रात, वाढते नदीत आणि अंडी घालायला परत खाली समुद्राकडे निघते. पार आंध्रापर्यंत!"

"म्हंजे?"

"म्हणजे ती भिंतीवरून खाली उतरते, दमून इथं विसावते आणि सकाळी तुम्ही तिला..."

पुढचं सिंधूनंच सांगितलं.

"आवं, बाळंतपनाला म्हायेराला निघालेली बाई ती! आन् तुमी तिला रोज यष्टीतनं उतरवून परत सासरी आणताय व्हय!"

धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं. मॅडम म्हणाल्या, ह्या वाटेवर ती काही खात नाही, अंगातल्या ताकदीवरच समुद्र गाठायचा असतो. आणि ती ताकद मी रोज सकाळी बादलीत जिरवत होतो! लळा कसला, दमली होती बिचारी.

"पोचंल का वो?" मी विचारलं.

"सोडून बघू या."

धरणाच्या बऱ्याच खाली, वाहत्या पाण्यात, मी बादली हळूच कलती केली. ती तशीच पडून राहिली. मग तिनं अंगाला एक हिसका दिला आणि दिसेनाशी झाली. सिंधूनं पदरानं डोळे पुसले. मीही पुसले, घाम म्हणून.

वर आलो तर इंजिनिअरसाहेब मॅडमना सांगत होते, "वर चढणाऱ्या माशांसाठी पायऱ्यांचं मी साहेबांच्या कानावर घालतो, मॅडम. पण ह्या अहिराचं बघा. आमची भिंत तर ती रोज उतरून जात हुती. तिला जे अडवत हुतं, ते काय आमच्या खात्याचं धरण न्हवं."

आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. सिंधूसुद्धा!