सुजाताच्या सायकलची बास्केट

आज रविवार. सुजाताला जाऊन वर्ष झालं.
सकाळी फोटोला हार घातला. माझ्या आईला चहा दिला. मुलगी, गार्गी, क्लासला गेली.

मी फेसबुकवर कधी लिहीत नाही. आज एकच गोष्ट लिहायची आहे.

बायकोने तब्येतीसाठी सायकल घेतली आणि आम्ही तिचा टेम्पो केला.

हार्टचा त्रास सुरू झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, रोज चाळीस मिनिटं सायकल चालवा, पण मध्ये न थांबता.
न थांबता, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी शेजारीच बसलो होतो.

आणि ही बाई सहा ठिकाणी थांबायची.

दूध. भाजी. आईच्या गोळ्या. गार्गीचे प्रिंटआउट. माझे इस्त्रीचे शर्ट. शिवाय परीक्षेच्या तयारीसाठी लातूरहून आलेला माझा भाचा सेक्टर सातमध्ये राहायचा, त्याचा डबा.

घरातून निघताना दारात उभी राहून विचारायची, "काही आणायचंय का?"
आणि आम्हाला प्रत्येकाला नेमकं तेव्हाच काहीतरी आठवायचं.

गेटवरचा गार्ड एकदा तिला म्हणाला, "मॅडम जी, डिलिवरी वालों की रजिस्टर में एंट्री होती है."
ती घरी येऊन हसत सांगत होती. मला राग आला. तिचाच आला, हे आता लिहायला बरं वाटत नाही.

किती वेळा सांगितलं तिला. याला एक्सरसाइज म्हणत नाहीत. ती म्हणायची, होतंय ना सायकलिंग, बिल्कुल होतंय.

शेवटी एका रविवारी मी पाना घेऊन सायकलची बास्केट काढली आणि लॉफ्टवर टाकली. आज मोठ्या रस्त्याने सरळ जा, कुठे थांबू नकोस, रिकाम्या हाताने परत ये, असं बजावून सांगितलं.
मला वाटलं, मी फार मोठं काम केलं.

सव्वा तासाने आली.
एका हँडलला दूध, दुसऱ्या हँडलला दुधी भोपळा आणि कोथिंबीर. गोळ्यांची पिशवी दातात धरलेली.

मी डोक्याला हात लावला. तिने पिशव्या ओट्यावर ठेवल्या आणि शांतपणे म्हणाली,

"बास्केट काढलीस. यादी कोणाकडे दिलीस?"

उद्यापासून मी आणतो, म्हणालो.
चार दिवस आणलंही.
मग पार्लमेंटचं सेशन सुरू झालं. ऑफिसातून यायला उशीर व्हायला लागला आणि पाचव्या दिवशी ती पुन्हा दारात उभी राहून विचारत होती.

रोज चाळीस मिनिटं मिळाली असती तर ती आज असती का, मला माहीत नाही. डॉक्टरांना मी विचारलं नाही. विचारणारही नाही.

पण ती चाळीस मिनिटं घरातच होती. आम्हा तिघांकडे.

ती गेल्यावर दूध, गोळ्या, भाजी सगळं वेळेवर येतं. मीच आणतो. कुणाला काही अडचण नाही. म्हणजे तेव्हाही जमलं असतं.

सुजाता, चुकलंच आमचं. तुला मनापासून नमस्कार.

मघाशी लॉफ्टवरून बास्केट काढली. दोन स्क्रू मिळाले नाहीत, तिथे सुतळी बांधली.
आईच्या गोळ्या संपल्यात.
टायरमध्ये हवा कमी आहे. ती भरून निघतो.