मामाचा दात

वडील गेल्यावर महिनाभरात आमच्या घरी जेवढ्या बायका आल्या, तेवढ्या ते असताना पाच वर्षांतही आल्या नसतील. पहिलं महायुद्ध संपत आलं होतं आणि मानमोडीचा ताप गावोगाव फिरत होता. वडील कापसाची गाडी घेऊन कारंज्याला गेले, परतले ते गाडीत आडवे होऊन, आणि पाचव्या दिवशी गेले. अनसिंगजवळच्या एका खेड्यात आमचं दोन खोल्यांचं घर होतं. त्यात आता आम्ही तिघंच उरलो. आई, नऊ वर्षांची मी, आणि पंधरा दिवसांचा माझा भाऊ.

आमच्याकडे भेटायला यायची रीत अशी होती. बाई वेशीपासून गप्पा मारत येई आणि आमच्या फाटकाशी आली की पदर तोंडाला लावून हेल काढी. तो ऐकला की घरच्या बाईनं हातातलं काम टाकून उठायचं, तिच्या गळ्यात पडायचं आणि तेवढ्याच मोठ्यानं रडायचं. कमी रडली तर पाणवठ्यावर त्याची चर्चा. थोड्या वेळानं पाहुणी डोळे पुसून तंबाखूची चिमूट तोंडात टाकी, इकडचं तिकडचं विचारी आणि जाई. मग दुसरी येई, आणि आई पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. एके दिवशी ऊन डोक्यावर येईपर्यंत ती सात वेळा रडली. मला त्या बायकांचा भयंकर राग येई. त्या बिचाऱ्या कधीच्याच गेल्या, राग मात्र अजून गेलेला नाही.

मधल्या वेळात आई एकच बोलायची. "कोनी येवो न येवो, माहे बाबा येतीन." तिचे वडील दोन दिवसांच्या वाटेवर, केनवडला राहत. माहेरचं माणूस कडू घास घेऊन आलं की दुःख निम्मं होतं, असं तिला वाटत असावं. महिना उलटत आला तरी माहेरचं कोणीच आलं नव्हतं.

आणि मग आईचं दूध आटलं. भाऊ चोखे, सोडून देई, पुन्हा तोंड लावी. शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजलं तर ओकून टाकी. त्याचं रडणं दिवसेंदिवस बारीक होत गेलं. त्याला जन्माला आणणारी सुईण एकदा आली, तिनं त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

"लेकरू वाळून राह्यलं," ती आईला म्हणाली. "हे रडनं आता बंद कर. खाय अन् निज. आठ दिवस निजली त दूध येईन. नाही त हेबी जाईन."

"लोक येतेत. मी काय करू?"

सुईणीनं माझ्याकडे पाहिलं. "मंग हे पोरगी कायले हाये?"

दुसऱ्या दिवसापासून मी दारात बसले. हातात काठी होती. ती कुत्र्यांसाठी होती, पण असू दे म्हटलं. कोणी बाई फाटकाशी येऊन पदर उचलायच्या आत मी धावत जाई आणि सांगे, "माय निजली हाये."

"निजली? एवढ्या दुपारची?"

"हो."

"अवं, आमी किती दुरून आलो!"

"मंग पानी पिऊन जा."

गावभर बोभाटा झाला. नवऱ्याला जाऊन महिना झाला न झाला आणि ही बया दुपारी ताणून देते. आईच्या कानावर ते गेलंच असेल, तरी ती उठली नाही. भावाला कुशीत घेऊन बाजेवर पडून राही. पडून राही एवढंच, डोळे छपराकडे उघडे. तिसऱ्या दिवशी दुपारी मी आत डोकावले तर ती चक्क घोरत होती. माझी आई घोरते हे मला तोवर माहीत नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की मी दारात बसून एकटीच हसले.

त्याच दुपारी मामा आला. आईचा पाठचा भाऊ. मी त्याला लांबूनच ओळखलं, पण जवळ आला तेव्हा त्याच्या ओठावर मिशी नव्हती. डोक्याच्या रुमालाखाली कानामागची कातडी पांढरी दिसत होती. मिशी काढलेला माणूस म्हणजे काय, हे त्या दिवसांत लहान पोरांनाही कळत होतं.

"आबा?" मी विचारलं.

त्यानं मान हलवली. आजोबांना जाऊन पंधरा दिवस झाले होते. घरात सगळेच तापानं पडलेले, निरोप घेऊन निघण्याइतकं बळ कोणाच्याच पायात नव्हतं. तो आता बहिणीला सांगायला आला होता.

मी त्याच्या आडवी झाले. सुईणीचं बोलणं त्याला सांगितलं, भावाच्या पोटाच्या कातडीचं सांगितलं. दरडावूनच सांगितलं असणार. मामा ओट्यावर डोकं धरून बसला.

"तिच्या कानावर पडलं की अंगावरच्या लुगड्यासकट डोक्यावरून थंड पानी घ्या लागन," तो म्हणाला. "सुतक धरा लागन. अन् मंग बाया पुन्ना येतीन."

"मंग नोको सांगू."

"कवा त सांगाच लागन वं, पोरी."

"आठ दिवसानं सांग."

"अन् हे तोंड कुठं ठेवू?"

त्याचं उत्तर त्यालाच सुचलं. खांद्यावरचा पंचा काढून त्यानं तो दोन्ही गालांवरून, ओठावरून घेतला आणि डोक्यावर गाठ मारली. "दात दुखून राह्यला म्हन मामाचा."

संध्याकाळी आई उठून उंबऱ्यात आली. मामा बैलांना कडबा टाकत होता. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"कवा आला?"

"आत्ताच, बाई."

"तोंडाले काय झालं?"

"दात."

"कोन्ता?"

मामानं उजव्या गालाला हात लावला. "लवंग हाये घरात. बस," आई म्हणाली आणि आत गेली.

पुढचे आठ दिवस मामानं घर उचलून धरलं. पाणी भरलं, बैल पाहिले, आणि सकाळी जात्यावर बसून आईसाठी ज्वारीच्या कण्या भरडल्या. तोंड बांधलेला पुरुष जात्यावर बसलेला पाहून शेजारीण कुडाआडून हसली, तर मी काठी दाखवली. आई कण्या खाई, वर बाळंतशेपांचं पाणी पिई आणि झोपे. मामासाठी ती वेगळ्या मऊ कण्या शिजवी, ताकात कालवून देई. सुपारीशिवाय ज्याचा तास जात नसे तो मामा तिच्यासमोर निमूट ते खाई आणि मग गोठ्यामागं जाऊन कडाकडा सुपारी फोडी. एकदा त्यानं चुकून डावा गाल धरला. मी त्याला चिमटा काढला. आई ताक वाढत होती, तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. आम्ही दोघं मोठे हुशार, असं मला वाटलं.

पाचव्या दिवशी तिच्या लुगड्यावर छातीशी ओला डाग दिसला. भाऊ पिता पिता ठसकला, दूध त्याच्या हनुवटीवरून ओघळलं. मी ते बोटानं पुसलं आणि बोट चाटलं. आठव्या दिवशी तो असा काही रडला की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

नवव्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा आई घरात नव्हती. वडील गेल्यापासून ती पहिल्यांदाच विहिरीवर गेली होती. भरलेली घागर तिनं परसात, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या कुडाआडच्या न्हाणीच्या दगडाशी ठेवली. मग भावाला दोन्ही बाजूंनी पाजलं, त्यानं आपणहून तोंड सोडेपर्यंत. त्याला माझ्या मांडीवर दिलं. केसांची गाठ सोडली. आणि ओट्यावर मामा बसला होता तिथं जाऊन उभी राहिली.

"सांग आता," ती म्हणाली. "बाबा कवा गेले?"

मामानं पंचा खाली ओढला. ओठावर काळे खुंट आले होते.

"तुले कवा समजलं, बाई?"

"तू आला त्याच दिवशी. तू बाबाचं नाव काढलं नाही."

"मंग इतके दिवस काहून नाही विचारलं?"

"विचारलं असतं त तू सांगतलं असतं." तिनं माझ्या मांडीकडे पाहिलं. "म्हनलं, याचं पोट भरू दे आधी."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. माझे बाबा येतील, माझे बाबा येतील म्हणून दिवसातून दहादा बोलणाऱ्या आईनं त्या आठ दिवसांत ते नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. मी दारात राखण करत होते आणि जे दुःख बाहेर अडवत होते ते आत तिच्या उशाशीच होतं. ते उशाशी घेऊन तिनं दोन वेळा पोटभर खाल्लं होतं आणि ती झोपली होती. पुढं मलाही मुलं झाली, त्यातली दोन गेली, पण तसं निजणं मला एकदाही जमलं नाही.

मामानं सांगितलं. कोणता वार होता, शेवटचं पाणी कोणी पाजलं, आजोबांनी कोणाची आठवण काढली. आईनं सगळं उभ्यानं ऐकून घेतलं. मग ती कुडाआड गेली. पाणी पडल्याचा आवाज आला, घागर दगडावर आपटल्याचा आवाज आला, आणि मग तिनं हेल काढला. या वेळी तिला कोणी रडवायला आलं नव्हतं.

भाऊ मांडीवर दचकला, पण उठला नाही. गल्लीतल्या बायका कामं टाकून धावत आल्या आणि मला दारात पाहून फाटकाशीच थबकल्या. काठी माझ्या शेजारीच पडली होती. मी भावाला छातीशी धरलं आणि बाजूला सरकून त्यांना वाट दिली.